विरह नव्हे, निरोप

"शब्द कळले नाहीत तरी चालेल, भाव पोचतो." परभाषेतल्या गाण्यांच्या रसग्रहणाच्या कार्यक्रमांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता ते येण्याआधीच त्याची चाहूल लागते. निवेदक माइकजवळ सरकतो, आवाज खाली आणतो, 'विरह' हा शब्द उच्चारतो. श्रोते माना डोलावतात. गाणं स्पॅनिश असेल तर 'लॅटिन रक्तातली धग' वगैरे ठेवणीतले शब्द बाहेर येतात आणि गिटार सुरू होते. पाच मिनिटांनी टाळ्या. या पाच मिनिटांत कोण कुठे चाललं आहे, का चाललं आहे, त्याला कुणी धाडलं आहे आणि मागे कोण उरलं आहे, यातलं काहीही कुणाला कळलेलं नसतं. कळायला हवं होतं, असंही कुणाला वाटत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. स्पॅनिश लोकगीतांतल्या प्रेमाच्या ताटातुटीला 'विरह' म्हणून आपण ती गाणी अर्धीच ऐकतो, आणि जो अर्धा भाग सोडतो तोच त्या गाण्यांचा कणा आहे. विरह ही अवस्था आहे. तिला तारीख लागत नाही, गाव लागत नाही, कारण तर मुळीच लागत नाही. ढग दाटून आले की ती होते. ही गाणी मात्र अवस्थेबद्दल फार कमी बोलतात. ती कुणाला तरी काहीतरी सांगत असतात. त्यांना आपल्याच भाषेतला दुसरा एक शब्द नेमका बसतो: निरोप.

मराठीत 'निरोप' घेतलाही जातो आणि धाडलाही जातो. निघतानाचा निरोप आणि कुणाच्या हाती दिलेला सांगावा, दोन्हींना शब्द एकच. स्पॅनिश लोकगीतांतला निघणारा माणूस नेमक्या याच दोन अर्थांच्या मध्ये उभा असतो. तो निरोप घेत असतो आणि त्याच दमात निरोप धाडण्याची सोय लावत असतो: पत्र कुठे टाक, कबुतराला खिडकी उघडी ठेव, कुणी विचारलं तर काय सांग. स्पॅनिश भाषेचीही याला साक्ष आहे. 'देस्पेदीर्से', म्हणजे निरोप घेणं, हे क्रियापद मागणं मागण्याच्या लॅटिन धातूवरून आलं. मुळात ते जाण्याची परवानगी मागणं होतं. 'आन्योरार', म्हणजे ओढ लागणं, हा शब्द कातालान भाषेतून आला आणि त्याच्या तळाशी 'ठाऊक नसणं' हा लॅटिन अर्थ आहे. तू कुठे आहेस ते मला ठाऊक नाही, म्हणून जीव लागून राहिला आहे. लॅटिन अमेरिकेत 'तुझी आठवण येते' म्हणायला जे क्रियापद वापरतात, त्यात 'परकं' हा शब्द लपलेला आहे. ही काही धुक्यातली हुरहुर नव्हे. परवानगी, ठावठिकाणा, परकेपण हे सगळे व्यवहारातले प्रश्न आहेत.

उदाहरण घेऊ. स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६–३९) प्रजासत्ताकाच्या बाजूचे सैनिक जी गाणी गात, त्यांतलं 'सि मे किएरेस एस्क्रिबिर' हे सर्वांत प्रसिद्ध गाण्यांपैकी एक. नावाचा अर्थ 'मला पत्र लिहायचं झालं तर'. मोरोक्कोतल्या वसाहतयुद्धाच्या काळातल्या सैनिकी गाण्यावरून ते आलं असं मानतात. गाणं सुरू होतं ते पत्त्याने. माझा ठिकाणा तुला ठाऊक आहेच, असं म्हणून सैनिक आपली आघाडी सांगतो. गाण्याची वेगवेगळी रूपं आहेत आणि त्यांत पत्ता बदलतो. कुठे ब्रिगेडचं नाव येतं, कुठे गांदेसाची आघाडी. गांदेसा म्हणजे एब्रो नदीजवळचं गाव, जिथे १९३८च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत त्या युद्धातली सर्वांत लांबलेली लढाई चालली. पुढे एका खानावळीचं वर्णन येतं. तिथे पाहुण्याच्या ताटात तोफगोळे आणि छर्रे वाढले जातात. म्हणजे या 'विरहगीता'त रडणं जवळजवळ नाहीच. पत्ता आहे, काळा विनोद आहे आणि न उच्चारलेला एक हिशेब आहे: तुझं पत्र पोचेपर्यंत हा पत्ता टिकेल का? एब्रोची लढाई हरल्यावर काही महिन्यांत सुमारे पाच लाख माणसं फ्रान्सच्या हद्दीत पळून गेली. गाण्यातला पत्ता उरला, तिथे पत्र घेणारा माणूस उरला नाही. हे ठाऊक नसलेल्या श्रोत्यापर्यंत कुठला 'भाव पोचला' म्हणायचा? चाल तर चक्क उत्साही आहे. नुसत्या सुरांवर विसंबलात तर तुम्ही टाळ्यांचा ठेका धराल.

कबुतराचंही तसंच. 'ला पालोमा' हे गाणं जगभर इतकं पसरलं, की ते कुणा एकाने रचलं हेच लोक विसरले. ते रचलं सेबास्तियान इरादिएर या बास्क संगीतकाराने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, क्युबातून स्पेनमध्ये आलेल्या हाबानेरा या लयीत. इरादिएरच्या नशिबी हे विस्मरण दोनदा आलं. त्याचीच दुसरी एक हाबानेरा लोकगीत समजून बिझेने 'कार्मेन' (१८७५) या ऑपेरात वापरली आणि चूक लक्षात आल्यावर छापील संहितेत तशी नोंद केली. 'ला पालोमा'तला माणूस हवाना सोडून निघाला आहे. तुझ्या खिडकीशी कबुतर आलं तर त्याला मायेने वागव, तो मीच आहे, असा त्याचा निरोप आहे. इथवरचं सगळ्यांना आवडतं. पण मूळ गाण्याच्या पुढच्या कडव्यांत लग्नाचे बेत आहेत आणि होणाऱ्या पोराबाळांची थट्टाही आहे. ही थट्टा आपल्याकडच्या कार्यक्रमांत मी कधी ऐकलेली नाही. ती ठेवली तर विरहाचा रंग उतरतो ना! हवाना तेव्हा स्पेनच्या वसाहतीचं बंदर होतं आणि तिथून निघणारं जहाज साखर, सैनिक, नोकरदार आणि गुलामगिरीवर पोसलेला पैसा यांच्या रहदारीतलं होतं. त्या रहदारीतला एक माणूस जाताजाता खिडकीतल्या बाईशी थट्टा करतो आहे. त्याची थट्टा काढून टाकून फक्त पंख ठेवले, की उरतं ते भेटकार्ड.

मेक्सिकोच्या कॉरिदोत तर निरोप हा रचनेचाच भाग आहे. कॉरिदो म्हणजे घडलेली गोष्ट सांगणारं कथागीत. सुरुवातीला बहुधा वर्ष आणि ठिकाण सांगायचं, शेवटी गायकाने श्रोत्यांचा रीतसर निरोप घ्यायचा. या शेवटाला 'देस्पेदिदा' असंच नाव आहे आणि त्यात पुष्कळदा एका कबुतराला उडत जाऊन बातमी पोचवायला सांगितलेलं असतं. व्हिसेंते मेंदोसा यांनी १९३९ सालीच स्पेनच्या जुन्या 'रोमान्से'शी असलेलं या कॉरिदोचं नातं दाखवणारा ग्रंथ लिहिला. आमेरिको पारेदेस यांनी १९५८ साली टेक्सासच्या सीमेवरच्या एकाच कॉरिदोवर सबंध पुस्तक लिहिलं आणि सीमाभागातल्या मेक्सिकन माणसाला त्या गाण्यात आपला इतिहास कसा सापडतो ते दाखवलं. या दोघांच्या हाताखालून गेलेलं गाणं पुन्हा 'विरह' या डब्यात कोंबताना आपल्याला जरा तरी संकोच वाटायला हवा. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो योजनेखाली मेक्सिकन मजुरांशी सुमारे ४६ लाख करार झाले आणि माणसं उत्तरेकडे शेतमजुरीला गेली. एकेक माणूस अनेकदा गेला, म्हणून करार जास्त, माणसं कमी. पण प्रत्येक कराराच्या वेळी कुठल्या तरी स्टेशनावर कुणीतरी निरोप घेतला. या निरोपांना प्रेमभंगाची गाणी म्हणणं म्हणजे दुष्काळाला उपास म्हणण्यासारखं आहे.

आता, निघणारा बहुधा पुरुष असतो हे मान्य केलं, तर दुसरा प्रश्न टळत नाही: मागे राहिलेली बाई काय म्हणते? तिचा आवाज या परंपरेत नंतर भरती झालेला नाही. तो पहिल्यापासून आहे. १९४८ साली सॅम्युएल स्टर्न या अभ्यासकाने मध्ययुगीन हिब्रू कवितांच्या शेवटी येणाऱ्या काही ओळी उलगडून दाखवल्या. लिपी हिब्रू, पण भाषा त्या काळच्या अंदालुसियातली रोमान्स बोली, स्पॅनिशची जुनी भावंडं. या ओळींना खर्जा म्हणतात आणि त्यांतल्या जुन्यात जुन्या अकराव्या शतकातल्या आहेत. त्यांत बहुतेक वेळा एक तरुणी बोलते. प्रियकराला ती 'हबीब' म्हणते आणि तो चालला, आता मी काय करू, असं आईला विचारते. रचणारे कवी पुरुष होते, आवाज बाईचा होता. म्हणजे या द्वीपकल्पात लोकभाषेतलं जे अगदी जुनं प्रेमकाव्य आपल्या हाती आलं आहे, त्यात मागे राहिलेल्या मुलीने आईला विचारलेला प्रश्न आहे. लक्षात घ्या, ती आकाशाला विचारत नाही, आईला विचारते. तिला उत्तर हवं आहे.

शेजारच्या गालिसियन भाषेत रोसालिया दे कास्त्रो या कवयित्रीने १८८०च्या आपल्या संग्रहात एका विभागाच्या नावातच 'जिवंतांच्या विधवा' हे शब्द घातले. गालिसियातले पुरुष क्युबाला आणि आर्जेंटिनाला इतक्या संख्येने जात, की बुएनोस आइरेसमध्ये कुठलाही स्पॅनिश माणूस 'गायेगो' म्हणजे गालिसियन ठरला, आणि बोलीभाषेत अजून ठरतो. नवरा जिवंत आहे, परतणार नाही, आणि शेत नांगरायचं आहे. या बाईला 'विरहिणी' म्हणून पाहा बरं. शब्द किती नटवा वाटतो!

आणि जी बाई मागे राहिली नाही, तिचं काय? मेक्सिकन क्रांतीतली 'आदेलिता' आज कॅलेंडरवर दिसते: छातीवर काडतुसांचे पट्टे, ओठांना लाली. क्रांतीच्या फौजांबरोबर प्रत्यक्ष हिंडणाऱ्या सोल्दादेरा स्वयंपाक करत, ओझी वाहत, जखमा बांधत, वेळ आली तर लढत. आगगाडीच्या डब्यांत घोडे आणि टपावर बायका, अशी त्या प्रवासाची छायाचित्रं आहेत. एलेना पोनियातोव्स्का यांनी १९९९ साली या बायकांवर पुस्तक लिहिलं, ते अशाच छायाचित्रांच्या सोबतीने. आता गाणं ऐका. त्यात शिपाई म्हणतो, की आदेलिता दुसऱ्या कुणाबरोबर गेली तर मी तिच्या मागावर जाईन, समुद्रावरून लढाऊ जहाजाने, जमिनीवरून फौजेच्या गाडीने. हे आपण उत्कट प्रेम म्हणून ऐकतो. मला त्यात बंदूकवाल्या माणसाने एका बाईला दिलेली ताकीदही ऐकू येते. तिने निरोप घ्यायचा ठरवलं तर तो तिला मिळणार नाही. परवानगी मागण्याचं जे क्रियापद वर सांगितलं, त्याची ही दुसरी बाजू. गाणं याने वाईट ठरत नाही, उलट खरं ठरतं. पण 'धग' म्हणून मोकळं झालं की हे ऐकूच येत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोडसाळ नाही. लोकगीत टिकतं तेच मुळी कारण पुसलं जातं म्हणून, असं म्हणता येईल. मार्गित फ्रेंक यांच्या संपादनाखाली १९७५ ते १९८५ या काळात मेक्सिकोच्या लोकगीतांच्या कडव्यांचा पाच खंडांचा कोश निघाला. पहिला खंड सुखी प्रेमाच्या कडव्यांचा, दुसरा मुख्यतः दुःखी प्रेमाच्या. तो चाळला की दिसतं, की कोप्ला नावाचं हे चिमुकलं कडवं एका गाण्यातून दुसऱ्यात सहज जाऊन बसतं. तेउआन्तेपेकच्या संयोगभूमीतल्या 'ला योरोना'ला तर ठरलेली कडवी नाहीतच. गाणाऱ्याने हवी ती घ्यायची. 'ला गोलोंद्रिना' पाहा. नार्सिसो सेर्रादेल या संगीतकाराने १८६२च्या सुमारास ते केलं. फ्रेंच आक्रमणाविरुद्ध तो लढला, पकडला गेला आणि त्याला फ्रान्सला हद्दपार केलं. घर हरवलेल्या पाकोळीशी बोलणारं हे गाणं आज मेक्सिकोत कुठल्याही निरोपसमारंभाला वाजतं, अंत्ययात्रेलाही वाजतं. सेर्रादेल कोण, हे तिथल्या किती रडणाऱ्यांना ठाऊक असतं? मग मराठी श्रोत्यावरच ही सक्ती का?

फरक आहे आणि तो मोठा आहे. अंत्ययात्रेत 'ला गोलोंद्रिना' वाजवणारी माणसं जुनं कारण काढून तिथे आपलं कारण ठेवतात. त्यांच्यासमोर शवपेटी असते, पेटीतल्या माणसाला नाव असतं. गाणं पुन्हा कुणाला तरी उद्देशून होतं. 'ला योरोना' गाताना चावेला व्हार्गास कडवी निवडत होती ती स्वतःच्या जगण्यातून, आणि पुरुषाने बाईसाठी रचलेली प्रेमगीतं गाताना तिने ती बाईलाच उद्देशून ठेवली, लिंग बदललं नाही. हेही गाण्याला नवा पत्ता देणंच होतं. आपण सभागृहात करतो ते वेगळं आहे. आपण जुना पत्ता खोडतो आणि नवा लिहीत नाही. पाकीट कोरं ठेवून त्याच्या कागदाचं कौतुक करतो.

कधी कधी तर आपण खोटा पत्ता लिहितो. 'आदियो केरिदा' हे सेफार्दी ज्यूंच्या लादिनो भाषेतलं, म्हणजे स्पॅनिशच्याच एका शाखेतलं, निरोपाचं गाणं. १४९२ साली स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी मातृभूमीला उद्देशून केलेला हा विलाप, अशी त्याची ओळख पुष्कळदा करून दिली जाते. श्रोते हळहळतात. पण गाण्यात स्पेन नाही. एका प्रेयसीवर चिडून तिला सोडून जाणारा माणूस आहे. चालही व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता' (१८५३) या ऑपेरातल्या निरोपाच्या पदाशी अशी जुळते, की पाचशे वर्षांची कहाणी तिच्यासमोर टिकत नाही. मग काय, गाण्याची किंमत कमी झाली? उलट वाढली. ऑपेरातली चाल ऐकणारे, ती गुणगुणत स्वतःच्या भाषेत शब्द बसवणारे हे आधुनिक शहरी लोक होते. सालोनिका हे त्यांच्या मोठ्या शहरांपैकी एक. १९४३ साली त्या एका शहरातून चाळीस हजारांहून अधिक ज्यूंना नाझींनी आउश्विट्झला नेलं. ही भाषा बोलणारे, ही गाणी गाणारे संपवले गेले ते ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी. १४९२चा रम्य विरह पुढे केला, की १९४३चा प्रश्न कुणी विचारत नाही. 'भाव पोचतो' या वाक्याचा निरुपद्रवीपणा इथे संपतो.

शेवटचं उदाहरण पेरूचं. 'आदियोस पुएब्लो दे आयाकुचो' हे अँडीज पर्वतातलं वायनो, शब्द स्पॅनिश आणि मध्ये लाडाने मिसळलेली केचुआ. गाणारा आयाकुचो सोडून चालला आहे आणि त्याच्या जाण्यामागे काही माणसांचा आकस आहे, एवढं तो सांगतो. गाणं जुनं आहे. पण १९८०नंतर वीस वर्षं 'शायनिंग पाथ' आणि सरकारी फौजा यांच्या कचाट्यात हाच प्रदेश सापडला. सत्यशोधन आयोगाच्या २००३च्या अहवालाने मृत आणि बेपत्ता माणसांचा आकडा ६९,२८० असा अंदाजला. त्यांतले चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या आयाकुचोतले. बळींपैकी चारांतल्या तिघांची मातृभाषा केचुआ किंवा अशीच एखादी मूळनिवासी भाषा. हुलिओ ओर्तेगा यांनी १९८६ साली कादंबरी लिहिली तेव्हा नाव या गाण्यावरूनच घेतलं. तिच्यात मारला गेलेला एक शेतकरी पुढारी स्वतःची हरवलेली हाडं शोधायला लिमाला निघतो. पुढे युयाच्कानी या नाटकमंडळीने ती रंगमंचावर आणली. 'काही माणसांचा आकस' ही गाण्यातली साधी तक्रार आता कुठे जाऊन पोचली पाहा. निरोप घेणारा माणूस आता प्रेतही असू शकतो, आणि त्याचा निरोप राजधानीने ऐकायचा आहे.

म्हणून माझी मागणी आहे, निवेदकांकडे, प्लेलिस्ट करणाऱ्यांकडे आणि 'स्पॅनिश विरहगीतं' अशा मथळ्याखाली लिहिणाऱ्यांकडेही. गाण्यापूर्वी दोन मिनिटं चार गोष्टी सांगा: कोण चाललं आहे, कुठे, का, आणि हे कोण कुणाला सांगतं आहे. यासाठी स्पॅनिश पंडित असावं लागत नाही. शब्दार्थ मिळवणं आज अवघड राहिलेलं नाही. एवढं करूनही एखाद्या गाण्याचं कारण सापडलं नाही तर तसं सांगा, पण त्या रिकाम्या जागी 'विरह' भरू नका. रसभंग होईल अशी भीती असेल, तर हा रस इतका नाजूक का, याचाही विचार व्हावा. आघाडीवरचा पत्ता, टपावरची बाई, आईला विचारलेला प्रश्न, हाडं शोधत निघालेला माणूस, यांनी ज्याचा रसभंग होतो तो गाणं ऐकायला आलेलाच नसतो.

निरोप कुणाच्या हाती दिला, की तो पोचवण्याची जबाबदारी त्या माणसावर येते, एवढी साधी रीत आपल्याकडे होती. निरोप्याने "त्यांचा आवाज फार गोड होता हो" एवढंच येऊन सांगितलं असतं, तर घरच्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं: "ते राहू द्या. निरोप काय आहे?"